प्रवासातील बिनतारी इंटरनेट व ई-मेलच्या अडचणी (पालघर–बोईसर परिसर)

घर किंवा कार्यालयाबाहेर, अनोळखी वाय-फायवरून अथवा मोबाइल डेटावरून इंटरनेट व ई-मेल वापरताना जोडणी मिळत नाही, मिळूनही पाने उघडत नाहीत किंवा ई-मेल येतो पण जात नाही, अशा अडचणी उद्भवतात. त्यांची कारणे वेगवेगळ्या पातळ्यांवरची असतात: रेडिओ सिग्नल, नेटवर्ककडून मिळणारा आय.पी. पत्ता, प्रवेशाचे पान, संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी डी.एन.एस. सेवा आणि शेवटी ई-मेलचा सर्व्हर. फोनच्या पडद्यावर दिसणारे ‘जोडले आहे’ हे शब्द यांपैकी फक्त पहिल्या एक-दोन पातळ्यांची खात्री देतात. हे लक्षात न आल्यामुळे दोष दुसरीकडे असताना वापरकर्ते पासवर्ड बदलत बसतात.

प्रदेश व प्रवासी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याच्या किनारपट्टीच्या भागातून पश्चिम रेल्वेचा मार्ग जातो. विरारनंतर वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड अशी स्थानके लागतात. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या. बोईसर हे तारापूर औद्योगिक वसाहतीचे आणि १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूर अणुविद्युत केंद्राचे सोयीचे स्थानक आहे. वसाहत तारापूरच्या नावाने ओळखली जात असली तरी मूळ तारापूर गाव समुद्रकाठी आहे. ‘तारापूर’ नावाचे रेल्वे स्थानक शोधणारा नवखा प्रवासी त्यामुळे गोंधळतो. रोज ये-जा करणारे कामगार, तपासणीसाठी येणारे अभियंते, जिल्हा मुख्यालयात कागदपत्रांसाठी येणारे नागरिक आणि अर्जाच्या अखेरच्या दिवशी गाडीतून संलग्न फाइल पाठवणारे विद्यार्थी अशा सर्वांना या अडचणी भेडसावतात.

स्थानकावरील वाय-फाय आणि ओटीपी

रेल्वे स्थानकांवरील मोफत वाय-फायची सुरुवात रेलटेल व गूगल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल येथून केली. जून २०१८ मध्ये दिब्रुगड हे या उपक्रमातील ४०० वे स्थानक ठरले. २०२० मध्ये गूगलने हा उपक्रम आवरता घेण्याचे जाहीर केले. रेलटेलने मात्र सेवा चालू ठेवली आणि ती देशातील सहा हजारांहून अधिक स्थानकांपर्यंत नेली. मार्च २०२१ मध्ये सशुल्क योजना आल्या तेव्हा दिवसातील पहिली ३० मिनिटे १ एमबीपीएस वेगाने मोफत ठेवण्यात आली. त्यामुळे अर्ध्या तासानंतर जोडणी ‘बंद पडली’ अशी तक्रार होते, तेव्हा अनेकदा मोफत वेळच संपलेली असते.

या सेवेसाठी मोबाइल क्रमांक व ओटीपी मागितला जातो. त्यामागे महाराष्ट्रातच घडलेला एक प्रसंग आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरच्या असुरक्षित वाय-फायवरून गेल्याचे तपासात दिसले. पुढील काही आठवड्यांत मुंबईतील इतर असुरक्षित जोडण्यांचाही असाच गैरवापर झाला. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवूनच प्रवेश द्यावा, अशा सूचना सेवापुरवठादारांना दिल्या. भारतीय क्रमांक नसलेल्या परदेशी पाहुण्याची अडचण येथूनच सुरू होते: वाय-फाय समोर असते, पण ओटीपी घेण्यासाठी क्रमांक नसतो. अशा वेळी स्थानिक सहकाऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट किंवा मुक्कामाच्या ठिकाणचे नोंदणीकृत वाय-फाय हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

प्रवेशाचे पान न उघडणे

सार्वजनिक वाय-फायवरील सर्वांत नेहमीचा दोष हाच आहे. अशा नेटवर्कमध्ये प्रवेश होईपर्यंत वापरकर्त्याची प्रत्येक मागणी अडवून तिच्या जागी लॉगिनचे पान दाखवले जाते. ही युक्ती साध्या, असंकेतित पानांवर चालते. आजची बहुतेक संकेतस्थळे ‘एचटीटीपीएस’ वापरतात. तेथे मधेच दुसरे पान घुसवता येत नाही, म्हणून ब्राउझर लॉगिनऐवजी सुरक्षेचा इशारा देतो किंवा नुसताच थांबून राहतो. ‘एचटीटीपी’ने सुरू होणारे एखादे साधे पान मुद्दाम उघडले की लॉगिनचे पान सहसा पुढे येते. व्हीपीएन चालू असल्यास ते प्रवेश मिळेपर्यंत बंद ठेवावे लागते. अँड्रॉइड ९ पासून उपलब्ध असलेली ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सोय एखाद्या विशिष्ट सेवेवर बांधून ठेवली असेल, तर तीही या पानाच्या आड येते; ती तात्पुरती ‘आपोआप’ या पर्यायावर आणावी लागते.

पान तरीही येत नसेल तर नेटवर्कच्या तपशिलात आय.पी. पत्ता पाहावा. विंडोज किंवा मॅकवर तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि संगणकाने स्वतःच एक पत्ता घेतला आहे, असा अर्थ होतो. अशा वेळी नेटवर्क ‘विसरा’ असे सांगून पुन्हा जोडणे उपयोगी पडते. पत्ता योग्य असूनही काही उघडत नसेल, तर तारीख व वेळ तपासण्यासारखी आहे. बॅटरी पूर्ण उतरल्यानंतर चालू केलेल्या लॅपटॉपचे घड्याळ कधीकधी मागे पडलेले असते आणि मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे मुदतबाह्य अथवा अमान्य दिसतात. घड्याळ बरोबर असतानाही ई-मेलच्या प्रमाणपत्राबद्दल इशारा आला, तर तो डावलून पुढे जाणे धोक्याचे असते. स्थानकाच्या नावाशी मिळतेजुळते नाव देऊन बनावट हॉटस्पॉट उभारणे अवघड नाही. वाय-फायच्या प्रवेशपानावर ई-मेलचा पासवर्ड कधीही मागितला जात नाही.

धावत्या गाडीत

विरारच्या पुढे वस्ती विरळ होते, खाडी, मिठागरे आणि डोंगरांच्या रांगा लागतात; टॉवरमधील अंतर वाढते. डब्याचा धातू सिग्नल आणखी क्षीण करतो, त्यामुळे दारा-खिडकीजवळ फरक जाणवतो. पडद्यावरील सिग्नलच्या रेघा टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो एवढेच सांगतात; फोनचा आवाज टॉवरला किती पोहोचतो हे त्यांतून कळत नाही. फोनची प्रक्षेपणशक्ती टॉवरच्या मानाने फारच कमी असते. म्हणून पुरेशा रेघा दिसत असताना, ई-मेल वाचता येत असताना, संलग्न फाइल मात्र तासभर आउटबॉक्समध्ये अडकून राहते.

यात स्थानकावरील वाय-फाय भर घालते. एकदा वापरलेले नेटवर्क फोन लक्षात ठेवतो आणि गाडी फलाटावर थांबली की आपण होऊन त्याला जोडला जातो. गाडी सुटल्यावर तो त्या विरत चाललेल्या सिग्नलला काही काळ चिकटून राहतो, मग मोबाइल डेटाकडे वळतो. दोन्ही बाजूंचे आय.पी. पत्ते वेगळे असल्याने अर्धवट चढलेली फाइल बहुधा पहिल्यापासून पाठवावी लागते. पालघर, बोईसर असे थांबे घेत हा प्रकार पुन्हा पुन्हा घडू शकतो. गाडीत बसल्यावर वाय-फाय बंद ठेवणे किंवा त्या नेटवर्कची आपोआप जोडणी काढून टाकणे, हा यावरचा साधा उपाय होय. मोठी फाइल आधी लहान करावी. जीमेलची संलग्न फाइलची मर्यादा २५ एमबी असली, तरी क्षीण जोडणीवर त्याहून बऱ्याच कमी आकाराची फाइलही जड ठरते.

ई-मेल येतो, पण जात नाही

औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांमध्ये पाहुण्यांसाठीचे वाय-फाय अनेकदा केवळ संकेतस्थळांपुरते, म्हणजे ८० व ४४३ या पोर्टपुरते खुले असते. ई-मेलचे ॲप मात्र आयमॅपसाठी ९९३, पॉपसाठी ९९५ आणि पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ हे पोर्ट वापरते. तेव्हा ब्राउझरमधून मेल उघडतो का, हे आधी पाहावे. तो उघडत असेल आणि ॲप अडत असेल, तर खाते व पासवर्ड ठीक आहेत, अडवणूक वाटेत आहे. जुन्या मांडणीत पाठवण्यासाठी पोर्ट २५ नोंदवलेले असते. अनाहूत मेलच्या उपद्रवामुळे अनेक सेवापुरवठादार ते बंद ठेवतात. कार्यालयात वर्षानुवर्षे चाललेली मांडणी बाहेर पडताच निकामी होते, त्याचे हे एक कारण आहे. जुन्या ॲपमध्ये जीमेल पासवर्ड नाकारत असेल, तर गूगलने ३० मे २०२२ पासून फक्त नाव व पासवर्डवर चालणाऱ्या ॲपना मज्जाव करण्यास केलेली सुरुवात आठवावी. तेथे खात्यातून मिळणारा वेगळा ‘ॲप पासवर्ड’ किंवा नवे ॲप लागते.

अनोळखी ठिकाणाहून वारंवार चुकीचा पासवर्ड टाकल्यास खाते तात्पुरते अडवले जाऊ शकते. पडताळणीचा ओटीपी घरी राहिलेल्या किंवा रोमिंग नसलेल्या सिमवर जात असेल, तर वाटेत काहीच करता येत नाही. गूगल खात्यातून निघण्यापूर्वीच आठ अंकी दहा राखीव संकेत उतरवून घेता येतात. प्रत्येक संकेत एकदाच चालतो आणि त्यासाठी फोनला सिग्नल लागत नाही. हे संकेत कागदावर लिहून फोनपासून वेगळे ठेवतात, कारण हरवतो तो बहुधा फोनच.