लादीतला बर्फ, इरईचा बर्फ

धामणगावात बर्फ म्हणजे लादी. भुशात लोळवून, पोत्यात गुंडाळून येते. गोळेवाला ती किसतो, लग्नात पाण्याच्या पिंपात तिचे तुकडे पडतात. आभाळातून पडतात त्या गारा, हरभरा झोडपणाऱ्या, संत्र्याचा बहार गाळणाऱ्या. याखेरीज गोठलेलं काही इथे कोणी पाहत नाही. म्हणून काश्मीरात भुरभुरतं तेही आपल्याला बर्फ आणि हिमनदीत असतो तोही बर्फच. हा शब्द फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ भुरभुरणारं हिम, आणि गोठलेल्या पाण्याला वेगळा शब्द, 'यख'. मराठीने दोन्ही एकाच शब्दात बसवले.

लादी कधी नीट पाहा. कडेला काचेसारखी, मधोमध पांढरी. पाणी बाहेरून आत गोठत जातं तशी त्यात विरघळलेली हवा आत ढकलली जाते आणि शेवटी मध्ये बुडबुड्यांत अडकते. हिमनदीतला बर्फ मुख्यतः असा बनत नाही. तो हिमावर हिम साचून, दाबाने घडतो. ताज्या हिमाचं एक घनमीटर साधारण 50 ते 100 किलो भरतं. एक उन्हाळा न वितळता टिकलं की ते दाणेदार होतं. त्याला 'फिर्न' म्हणतात. जर्मनमधल्या या शब्दाचं मूळ 'गेल्या वर्षीचं' असं आहे. जुना तांदूळ म्हणावा तसं जुनं हिम! वजन 830 किलोच्या आसपास गेलं की दाण्यांमधल्या फटी बंद होतात, हवा कोंडली जाते, आणि इथून पुढे त्याला हिमनदीचा बर्फ म्हणायचं. अंटार्क्टिकातल्या अशा बुडबुड्यांत 8 लाख वर्षांपूर्वीची हवा सापडली आहे. लादीतल्या बुडबुड्यात कालच्या पाण्यातली हवा असते.

हा बर्फ स्वतःच्या वजनाने सरकतो. तळाशी रुतलेले दगड तो खालच्या खडकावर घासत नेतो, आणि ओरखडे पडतात ते या दगडांचे.

असे ओरखडे आपल्या विदर्भात आहेत. धामणगावहून पुलगावला जाताना आपण ओलांडतो ती वर्धा नदी पुढे चंद्रपूर जिल्ह्यात जाते, तिथे तिला पैनगंगा मिळते. आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तिकडे त्याचं पांघरूण संपतं आणि जुना चुनखडक उघडा पडतो. पैनगंगेकाठी इरई गावाजवळ त्या चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आणि रेघांनी भरलेला आहे. वर 'तालचीर' नावाच्या खडकथरातले लहानमोठे गोटे. वय सुमारे 30 कोटी वर्षं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले फ्रान्सिस फेडन यांनी 1875 मध्ये या पुराव्यावर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात त्यांनी शब्द वापरला 'ग्राउंड आइस'. हा बर्फ नदीच्या तळाशी, दगडांना धरून गोठतो आणि सुटला की दगड घेऊन वर तरंगतो. ओडिशातल्या तालचीरचे गोटे पाहून ब्लॅनफर्ड बंधूंनी 1856 मध्ये बर्फाचीच कल्पना मांडली होती. उष्ण भारतात बर्फाचं नाव घेणं हेच तेव्हा धाडस होतं, आणि त्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. पण तरंगता बर्फ दगड वाहून नेईल. खडकाची अख्खी फरशी एकाच दिशेने घासायला वरून प्रचंड वजन सरकावं लागतं. ए. जे. स्मिथ यांनी 1963 मध्ये इरईवर लिहिलं तेव्हा शीर्षकात हिमनदीच होती. मधल्या काळात आल्फ्रेड वेगेनर यांनी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या अशाच खुणा जोडून हे भूभाग एकेकाळी दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र होते असं मांडलं होतं. नदीतळाच्या बर्फाने हा सांधा जुळला नसता.

आपल्या भूगोलाच्या पुस्तकात हिमगव्हर आहे, हिमोढ आहे. चांगले, नेमके शब्द आहेत. सोबत हिम, फिर्न आणि हिमनदीचा बर्फ हे तीन वेगळे करून शिकवा, अशी शिक्षकांना माझी विनंती आहे. चित्र आल्प्सचं दाखवा, पण जमलं तर मुलांना इरईला न्या. ओरखड्यांवरून बोट फिरवू द्या. हातोडी मात्र नेऊ नका. तो खडक पुन्हा घासून द्यायला आता इथे हिमनदी नाही.