चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र आणि पूर्ततेचा पुरावा

गुन्हा शाबीत झाला म्हणजे तुरुंग अटळ, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नव्हे. मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात, अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ अन्वये न्यायालय दोषी व्यक्तीस चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी, मुक्त करू शकते. परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवल्यास ती किमान १ वर्षाची असते. तीत मादक पदार्थ वर्ज्य करण्याची अट घालता येते. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात तिचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. समुपदेशनास किंवा व्यसनमुक्ती उपचारास जाण्याचीही अट असू शकते.

खरी अडचण पुढेच येते. उपचार पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र घरच्या पेटीत राहिले, तर न्यायालयाच्या दप्तरी ते नसल्यासारखेच. त्यावर खटल्याचा क्रमांक, तारखा व शिक्का आहे ना, हे पाहून ते परिवीक्षा अधिकाऱ्याकडे द्यावे आणि पोच घ्यावी. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा मार्ग बंद पडतो. तारीख चुकणार असेल तर आधीच लेखी कळविणे श्रेयस्कर. हे पत्र लिहून देणे शिक्षकास वा पंचायत सदस्यास सहज शक्य आहे.

कारण अटभंग ठरल्यास कलम ९ नुसार मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. पहिल्याच वेळी ५० रुपयांपर्यंत दंडावरही भागते. शिक्षा झाली, तर दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून कलम १२ ने दिलेले संरक्षणही जाते. उलट वर्तन समाधानकारक असेल, तर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून न्यायालय मुदतीपूर्वीच बंधपत्रातून मुक्त करू शकते.