भट्टीविना मोह

होळीची सुट्टी जवळ आली की हल्ली आमच्या घरात पुरणाच्या डाळीआधी कोकोचा डबा निघतो. सात वर्षांची नात जमिनीवर फतकल मारून बसते, मारी बिस्किटांचे पुडे फोडते आणि लाटण्यानं त्यांचा भुगा करायला घेते. आजीचा हुकूम एकच असतो, "गॅसला हात लावायचा नाही!" आणि त्याची गरजही नसते. दोनशे ग्रॅम बिस्किटांचा भुगा, तीन मोठे चमचे कोको, दोन चमचे मऊ लोणी आणि त्यात मावेल तेवढं, साधारण निम्मा डबा, कंडेन्स्ड मिल्क. हाताला तूप लावून सुपारीएवढ्या गोळ्या वळायच्या, सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवायच्या आणि तासभर गार ठेवायच्या. ओव्हन नको, भट्टी नको. चिमुरड्या हातांना जमेल असा, सणाला साजेसा गोड खाऊ तयार.

पण आमच्याकडे या गोळ्यांची दुसरी एक परात असते. तिच्यातले लाडू जरा जास्त काळे, जरा ओबडधोबड. त्यांची हकीकत सांगायची तर पस्तीस-छत्तीस वर्षं मागं जायला हवं.

१९८९ साली बँकेनं माझी बदली एटापल्लीला केली. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. म्हणजे जिल्हा तसा नवाच होता. चंद्रपूरहून निघालेली एस.टी. बल्लारपूर, गोंडपिपरी करत आष्टीजवळ वैनगंगा ओलांडायची, मग आलापल्लीच्या सागवानी जंगलातून पुढं एटापल्लीला टेकायची. दोन खोल्यांचं घर, रॉकेलचा स्टोव्ह आणि मनात येईल तेव्हा येणारी वीज. फ्रीज घेऊन तरी काय करणार?

१९९० च्या होळीआधी बायको आणि मुलगी नागपूरला लग्नाला गेल्या होत्या. तिथं मावसभावंडांनी केलेल्या चॉकलेटच्या गोळ्या मुलीनं खाल्ल्या आणि आपल्याही घरी होळीला त्याच हव्यात म्हणून हट्ट धरला. सहा वर्षांच्या मुलीचा हट्ट! बायकोनं येताना साखरेच्या गाठीबरोबर चॉकलेटच्या दोन मोठ्या वड्या घेतल्या. चॉकलेटमधली कोकोची चरबी साधारण ३४ अंशांना वितळते, माणसाच्या तोंडातल्या उबेपेक्षा थोडी आधी. म्हणून तर ते जिभेवर विरघळतं. पण फाल्गुनातली आमच्याकडची दुपार जिभेपेक्षा कमी उष्ण नसते, आणि पत्र्याच्या एस.टी.त तर नसतेच नसते. एटापल्लीला पिशवी उघडली तेव्हा चॉकलेट बायकोच्या नव्या साडीच्या घडीत शिरलेलं होतं आणि पांढऱ्याशुभ्र गाठी तपकिरी झाल्या होत्या. मुलीनं जो भोकाड पसरला, तो शेजारच्या चार घरांत ऐकू गेला.

आमच्याकडे पाणी भरायला एक माडिया मावशी येत. त्यांनी हंडा खाली ठेवला, साडीवरचा तो चिखल निरखून पाहिला आणि काही न बोलता निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या त्या पळसाच्या पानांचा द्रोण घेऊन. त्यात पाच लाडू होते, काळपट, तकाकणारे. मुलगी ओरडली, "चॉकलेट!" मावशी हसल्या. बायकोला म्हणाल्या, "बाई, मोहाचे आहेत. पोरीला द्या. खायचे आहेत."

'खायचे आहेत' हे शब्द त्यांनी बायकोला उद्देशून उच्चारले होते, पण मान खाली गेली ती माझी.

कारण महिनाभरापूर्वी याच मावशी आणखी चार बायकांना घेऊन बँकेत आल्या होत्या. पाचजणींना मिळून दीड हजार रुपये कर्ज हवं होतं. हिशेब साधा होता. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा प्रत्येकाच्या अंगणात ती वाळत असतात, आणि व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो. मीठ, मिरची, तेल त्याच्याचकडून यायचं. घरात पैसा नसल्यानं माल ठेवता येत नाही. पावसाळ्यात तीच फुलं दुर्मीळ होतात, भाव चढतो आणि तो चढलेला भाव मिळतो व्यापाऱ्याला. तीन-चार महिने निभावण्यापुरती रक्कम आणि माल कोरडा राहील असे डबे मिळाले, तर फुलं ठेवून विकता येतील, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आज वाटतं, इतका नेटका प्रस्ताव त्या वर्षी माझ्या टेबलावर दुसरा आला नव्हता. मी त्यावर शेरा मारला : 'मोहफूल हा दारूचा कच्चा माल. कर्जास अयोग्य.' आणि वर त्यांना दोन शब्द उपदेशाचे ऐकवले. त्या वाद न घालता उठून गेल्या.

लाडू आणण्यामागं मला धडा शिकवण्याचा त्यांचा हेतू होता, असं मला वाटत नाही. पोर रडत होती, घरात गोड होतं, त्या घेऊन आल्या. धडा मीच घेतला, आणि तोही अर्धाच.

बायकोनं त्यांच्याकडून कृती शिकून घेतली. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. बायका-पोरं अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. मांसल, पिवळसर, रसानं भरलेलं फूल. उन्हात वाळलं की मनुकेसारखं लालसर-तपकिरी होतं. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. पूर्वी धान्य संपलेल्या दिवसांत हीच फुलं शिजवून, भाजून माणसं पोट भरत. बियांचं तेल निघे. दारूही होते, हे खरंच. पण सणासमारंभाला देवापुढं ठेवायचं आणि टंचाईत पोरांच्या हातावर ठेवायचं असं ते फूल आहे. नवं पीक आधी देवाला दिल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, त्यासाठी 'पंडुम' करायचा, ही माडियांची रीत. आम्ही बाहेरून आलेल्यांनी मात्र त्या झाडाखाली एकच गोष्ट पाहिली, हातभट्टी.

गंमत अशी की ज्या चॉकलेटसाठी मुलगी रडली, त्याचं कूळही फारसं वेगळं नाही. कोको हे अमेरिका खंडातल्या जंगलातलं झाड. तिथले अ‍ॅझ्टेक लोक त्याच्या बिया नाण्यांसारख्या वापरत आणि त्यांचं कडू पेय पीत. युरोपनं त्यात साखर घातली. १८४७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं खाण्याजोगी घट्ट वडी काढली, आणि जंगलातलं बी जगाच्या बाजारात मानानं जाऊन बसलं. एटापल्लीच्या बाजारात मोहफुलं देऊन मीठ घेणाऱ्या बायका मी रोज पाहत होतो. बियांचं चलन पुस्तकात वाचून मला कौतुक वाटायचं; फुलांचं चलन डोळ्यांसमोर होतं, तर त्यावर मी शेरा मारला.

त्या होळीनंतर मी पाचजणींना पुन्हा बोलावू शकलो असतो. अर्ज नव्या शब्दांत लिहून घेऊ शकलो असतो. वरच्या ऑफिसला पटवावं लागलं असतं, खेटे पडले असते. मी ते केलं नाही. १९९१ मध्ये माझी बदली झाली. निरोपाला मावशी आल्या होत्या. पुन्हा एक द्रोण देऊन गेल्या.

१९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, चळवळीतून आली आणि तिची गरज होती, यात मला शंका नाही. पण फुलाची कोंडी सुटायला फार काळ गेला. दारूबंदी कायद्याखालच्या जुन्या नियमांनी मोहफुलं बाळगण्यावर आणि नेण्या-आणण्यावर जे निर्बंध होते, ते राज्य सरकारनं २०२१ मध्ये उठवले. म्हणजे मी १९९० मध्ये जे लिहिलं, तेच सरकारी कागदावर आणखी तीस वर्षं लिहिलेलं होतं. त्यानं माझा शेरा बरोबर ठरत नाही. हल्ली बचत गटांच्या प्रदर्शनांत मोहाचे लाडू रीतसर डब्यात बांधून विकायला असतात. मी प्रत्येक वेळी विकत घेतो. व्याज भरल्यासारखं वाटतं.

तर आमच्या दुसऱ्या परातीची कृती. एक वाटी वाळलेली मोहफुलं घ्यावीत. ती पूर्ण वाळलेली हवीत. ओलसर फूल लवकर आंबतं. आतले केसर आणि कचरा काढून फुलं झटपट धुवावीत, पुन्हा कडक वाळवावीत आणि चमचाभर तुपावर मंद आंचेवर फुलेपर्यंत परतावीत. हे काम मोठ्यांनी करावं. पूर्ण गार झाल्यावरच कुटावीत. गरम कुटली तर गोळा होऊन बसतो. त्यात एक वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट, अर्धी वाटी भाजलेले तीळ, मूठभर चारोळी, दोन मोठे चमचे कोको आणि चिमूटभर मीठ घालावं. कोको ही आमच्या घरची भर. त्याच्या कडवटपणानं मोहाचा उग्र वास निवळतो. लागेल तसं पातळ तूप घालत लहान लाडू वळावेत. साखर-गूळ लागत नाही. मोहफुलं नसतील तर बिया काढलेला खजूर घ्यावा. हे लाडू उन्हात वितळत नाहीत आणि एस.टी.च्या प्रवासात साडीला लागत नाहीत, हे आमच्या घरी सिद्ध झालेलं आहे.

मागच्या होळीला लाडू वळताना नातीनं विचारलं, "आजोबा, मोहाची तर दारू असते ना?" कुठं ऐकलं कोण जाणे. मी म्हटलं, "असतेही. पण हे खायचे आहेत." तिनं एक लाडू तोंडात टाकला, डोळे मिटले आणि परात स्वतःकडे ओढली. बायको माझ्याकडे पाहत होती. ते शब्द कुणाचे, ते तिला ठाऊक होतं.