हेझल स्कॉटच्या अटी

कलावंताची कला वेगळी आणि त्याचा स्वाभिमान वेगळा, असे मानण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. हेझल स्कॉट या काळ्या जाझ गायिकेचे आणि पियानोवादिकेचे आयुष्य मी त्याचा पुरावा म्हणून पुढे ठेवतो.

तिचा जन्म १९२० साली त्रिनिदादमध्ये झाला. आई संगीतकार. चार वर्षांची असताना ती न्यूयॉर्कला आली. आठव्या वर्षी ज्युलियार्ड या नामांकित संगीतशाळेतील अध्यापक तिला शिकवू लागले.

१९३९ साली ती कॅफे सोसायटीत वाजवू लागली. काळे-गोरे श्रोते शेजारी शेजारी बसत, असे ते त्या काळचे विरळे ठिकाण. बाखची किंवा शोपँची रचना ती आधी लिहिल्याबरहुकूम वाजवी. मग डावा हात बूगी-वूगीचा धावता ठेका धरी आणि उजवा हात तीच सुरावट त्या ठेक्याच्या मागेपुढे खेळवी. गोऱ्यांनी आपली म्हणून मिरवलेली विद्या आणि काळ्यांच्या वस्तीतला ठेका एकाच पियानोवर बरोबरीने नांदत.

ही बरोबरी तिने करारातही लिहून घेतली. श्रोत्यांना वर्णावरून वेगळे बसवले तर वाजवणार नाही, ही एक अट. १९४८ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे तसे दिसताच तिने वाजवायला नकार दिला. चित्रपटात मोलकरणीची भूमिका करणार नाही, ही दुसरी.

१९४३ च्या 'द हीट्स ऑन' या चित्रपटात युद्धावर निघालेल्या काळ्या जवानांना निरोप देणाऱ्या स्त्रियांना मळके अ‍ॅप्रन घालायला दिले होते. हेझल तीन दिवस कामावर गेली नाही. आपल्या माणसाला निरोप द्यायला कोणती बाई मळक्या कपड्यांत जाते, हा तिचा सवाल. अ‍ॅप्रन गेले, पण लवकरच हॉलिवूडचे दरवाजेही तिला बंद झाले. वेषाचा प्रश्न ज्यांना क्षुल्लक वाटतो त्यांनी १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण आठवावे.

१९५० च्या जुलैत दूरचित्रवाणीवर तिचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेत काळ्या स्त्रीला असा मान प्रथमच मिळत होता. त्याच सुमारास कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या यादीत तिचे नाव छापून आले. सप्टेंबरात ती स्वतःहून संसदेच्या चौकशी समितीपुढे गेली, आरोप नाकारले आणि अशा याद्यांचाच निषेध केला. आठवड्याभरात कार्यक्रम बंद पडला. पुढे ती कित्येक वर्षे पॅरिसला राहिली. १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले.

अटी सोडल्या असत्या तर तिला काम मिळत राहिले असते. पण मग दोन्ही हातांतली ती बरोबरी खोटी ठरली असती.