खंजिराला किती आकडा द्यायचा?

हे पान आई-बाबाही वाचतात, म्हणून आधी मॉड म्हणजे काय ते सांगतो. विकत घेतलेल्या गेममध्ये खेळणाऱ्याने स्वतः केलेला बदल म्हणजे मॉड. कुणी त्यात नवं गाव वसवतो, कुणी नवी गोष्ट लिहितो. मला आणि माझ्या डॉर्ममधल्या दोघांना त्यातला सगळ्यात रुक्ष दिसणारा प्रकार आवडतो: तलवारी, भाले, चिलखतं यांचे आकडे बदलून त्यांचा एकमेकांशी तोल बसवणं. हॉस्टेलमध्ये गेम नसतो, तो सुट्टीत घरी. पण या कामाला वही पुरते आणि प्रेप संपल्यावरची दहा मिनिटं पुरतात. (गणिताच्या सरांनी ती वही एकदा पाहिली आणि काही न बोलता परत दिली. आम्ही ती परवानगी समजलो.)

आमचा गेम जुना आहे, आमच्याही आधी जन्मलेला. ‘द एल्डर स्क्रोल्स ३: मॉरोविंड’, अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीने २००२ मध्ये काढलेला. कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीबरोबर कंपनीने ‘कन्स्ट्रक्शन सेट’ नावाचं साधन दिलं होतं. गेम बनवणारे जे आकडे भरतात तेच आपल्यालाही त्यात उघडून बदलता येतात. प्रत्येक हत्याराच्या नोंदीत मार, वजन, वेग, पल्ला, किंमत असे रकाने असतात.

मग जे आवडतं त्याचा आकडा वाढवून मोकळं का होऊ नये? नवखे सगळे तेच करतात. मार १००० केला की पहिले दोन तास मजा येते, नंतर दुकानात टांगलेली बाकीची सगळी हत्यारं मेलेली असतात. निवडायला काही उरत नाही, आणि निवडच नसेल तर खेळायचं काय? म्हणून प्रत्येक ताकदीला काहीतरी मोल द्यावं लागतं. जयगडावरची जयबाण तोफ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. १७२० च्या सुमाराची, वजन जवळजवळ ५० टन, आणि तिने एकही लढाई पाहिली नाही. माराच्या रकान्यात ती सगळ्यांच्या वर असती, पण वजनाच्या रकान्याने तिला गडावरच बसवून ठेवलं असतं.

आता मुख्य गणित. मॉरोविंडमध्ये चिलखतावर वार बसला की किती इजा होते? माराला माराने गुणायचं आणि मार अधिक चिलखत या बेरजेने भागायचं. मात्र मूळ माराच्या चौथाईपेक्षा कमी इजा कधीच होत नाही. ताकद, कौशल्य, हुकलेले वार हे सगळं तूर्त बाजूला ठेवू.

एक घण घ्या, मार ३०. एक खंजीर घ्या, मार १०, पण घणाचा एक वार होईपर्यंत खंजिराचे तीन होतात. (हे आकडे सोपे पडावेत म्हणून मी घेतले आहेत.) समोरचा उघडा असेल तर दोन्ही सारखे, ३० ला ३०. आता समोरच्याला ३० चं चिलखत घाला. घण: ३० गुणिले ३० म्हणजे ९००, भागिले ६०, म्हणजे १५. खंजीर: १०० भागिले ४०, म्हणजे २.५, आणि तीन वारांचे ७.५. कागदावर बरोबरीत असलेली दोन हत्यारं, आणि प्रत्यक्षात एक दुसऱ्याच्या निम्मं. चिलखत लहान वारांना जास्त खातं.

यावर आमच्यातला एक जण म्हणाला, खंजीर दुप्पट करून टाक. केला: २० गुणिले २०, भागिले ५०, म्हणजे ८, तिनाचे २४. घणाच्या कितीतरी पुढे! मग बरोबरी नेमकी कुठे होते ते शोधलं. वर्गसमीकरण मांडलं (दहावीचं, हो) आणि उत्तर आलं १५. पंधराचा वार त्या चिलखतावर ५ होतो, तीन वारांचे १५, म्हणजे घणाएवढेच. वहीत चौकट आखून झाली आणि मग लक्षात आलं की उघड्या माणसावर हाच खंजीर ४५ देतो आणि घण तिथेच ३० वर आहे. एका जागी तोल साधला की दुसऱ्या जागी तो बिघडतो. सूत्रच असं आहे की खंजीर आणि घण सगळ्या चिलखतांसमोर सारखे कधीच होणार नाहीत.

माझ्या मते ते होऊही नयेत. सिटी पॅलेसच्या सिलेहखान्यात, म्हणजे शस्त्रांच्या दालनात, गेलात तर कट्यारींकडे नीट बघा. काही कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवत, चिलखताच्या कड्यांतून ते घुसावं म्हणून. गुर्ज, म्हणजे गदेसारखं हत्यार, चिलखत फोडत बसत नाही, आतल्या हाडाला दणका देतं. ज्याचं त्याचं काम वेगळं. आम्ही खंजिराचा आकडा १२ वर थांबवला. चिलखतावर तो अजून घणाच्या मागे आहे, उघड्यावर थोडा पुढे. २० टक्केच वाढ दिली, पण त्या चिलखतावर त्याची इजा ७.५ वरून १० च्या वर गेली, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. म्हणूनच मोठ्या उड्या मारायच्या नाहीत.

चिलखतांची भानगड याहून गुंतागुंतीची आहे. गेममध्ये हलकं, मध्यम आणि जड असे तीन वर्ग आहेत. हलक्यातलं काचेचं चिलखत (ज्वालामुखीची काच, खिडकीची नव्हे) ५० चं आहे. मध्यमातलं इंडोरिल ४५ चं. म्हणजे मध्यम चिलखत वजनाला जास्त आणि संरक्षणाला कमी! ते शिकण्यात मेहनत घालणारा खेळाडू चक्क फसतो. शिवाय हे इंडोरिल देवळाच्या रक्षकांचं, ऑर्डिनेटरांचं असतं. त्यातला छातीचा तुकडा किंवा शिरस्त्राण घालून त्यांच्याशी बोलायला गेलात तर ते तुमच्या अंगावर येतात. ही किंमत कुठल्याच रकान्यात लिहिलेली नाही, आणि मला ती गेममधली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. आपल्यालाही दुसऱ्या रेजिमेंटचा बिल्ला लावून फिरता येत नाही.

वाटतं की ४५ चे ५५ केले की झालं. पण तेच चिलखत शहरातले सगळे ऑर्डिनेटर घालतात. एक आकडा बदलला की अख्खं रक्षकदल बळकट होतं. ज्याने आपलं मॉड घेतलं आहे त्याच्या ५०-६० तासांच्या खेळात काल जिंकता येणारी लढाई आज जिंकता येत नाही, आणि का ते त्याला कळत नाही. मग वजन वाढवून मोल द्यावं? तिथे दुसरा सापळा आहे. वर्ग कोणता हे गेम वजनावरून ठरवतो: छातीचा तुकडा १८ पर्यंत हलका, २७ पर्यंत मध्यम, त्यावर जड. इंडोरिलचा तुकडा बरोबर २७ चा आहे. एक जरी वाढवला तरी तो जड होतो आणि खेळाडूचं मध्यम चिलखताचं सगळं शिक्षण वाया जातं. शेवटी आम्ही मूळ इंडोरिलला हातच लावला नाही. त्याची वेगळ्या नावाने प्रत काढली, तिला ५२ दिले आणि ती फक्त खेळाडूला सापडेल अशा जागी ठेवली.

भाल्याचं मात्र अजून ठरत नाही. आम्हा मराठी मुलांचा भाल्यावर जरा जास्तच जीव. मराठ्यांचा दोरी बांधलेला विटा आठवतो ना, फेकून परत ओढता येणारा? मॉरोविंडमध्ये सर्वात भारी भाल्याचा मार जास्तीत जास्त ४०, आणि त्याच डेड्रिक धातूच्या मोठ्या तलवारीचा ६०, शिवाय तलवारीचा वेगही जास्त. भाल्याकडे पल्ला आहे, तलवारीच्या १ ला १.८. पण शत्रू सरळ अंगावर धावून येतो, त्यामुळे पल्ल्याचा फायदा पहिल्या वारापुरताच. माझं म्हणणं, मार ४० च राहू दे आणि वेग १ वरून १.२५ कर. म्हणजे एका वेळेत ४० ऐवजी ५०, तलवारीच्या ७५ च्या मागेच, आणि पहिला वार आपला. डॉर्ममधला दुसरा म्हणतो, वेगवान भाला हा भालाच नव्हे, मार वाढव. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही फाइली तिसऱ्याला देणार आहोत. कुठली कुणाची हे त्याला सांगणार नाही.