चार कोटी अंकी हौस

प्राइम९५ या प्रोग्रामची खिडकी उघडली तर आत बघण्यासारखं फारसं काही नसतं. कोणता घातांक तपासणं चालू आहे, किती फेऱ्या झाल्या, एका फेरीला किती मिलिसेकंद लागताहेत आणि काम अंदाजे कधी संपेल, एवढंच सांगणाऱ्या ओळी एकाखाली एक उमटत राहतात. टक्केवारीत दशांशचिन्हापुढचा आकडा बदलला की तीच त्या वेळची मोठी घडामोड. तरीही ही खिडकी सकाळ-संध्याकाळ बघितल्याशिवाय चैन न पडणारी माणसं जगभर आहेत. ती प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधतात. म्हणजे शोधतो संगणक. ही काळजी करतात.

या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये 'सायलेंट व्हिक्टरी' नावाची एक सोय आहे. नवी मूळ संख्या सापडली की संगणक बीप-बीप करून घर डोक्यावर घेतो; ते नको असेल तर तसं आधीच बजावून ठेवायचं. १९९६पासून या साऱ्या मंडळींना मिळून अठरा संख्या सापडल्या आहेत. तरी आपल्या विजयाने शेजाऱ्यांची झोप मोडू नये, ही दक्षता आगाऊ घेतलेली बरी.

शिकार असते ती मुख्यतः मर्सेन संख्यांची. २चा एखादा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा. मर्सेन हा सतराव्या शतकातला फ्रेंच मठवासी. २५७पर्यंतचे कोणते घातांक मूळ संख्या देतात, याची यादी त्याने १६४४ साली छापली. तीत दोन घातांक चुकीचे शिरले आणि तीन राहून गेले. नाव मात्र त्याचंच चिकटलं. चुकीच्या दोनांपैकी एक ६७. त्याची संख्या मूळ नाही हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं, पण तिचे विभाजक कोणालाच ठाऊक नव्हते. १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एकीकडे त्यांनी २चा ६७वा घात काढून १ वजा केला, दुसरीकडे १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ करून दाखवलं. दोन्ही उत्तरं जुळली आणि कोल चकार शब्द न काढता जागेवर जाऊन बसले. या कामाला तीन वर्षांचे रविवार लागले, असं त्यांनी पुढे सांगितल्याचं म्हणतात. आजच्या हौशी मंडळींचे मूळपुरुष शोधायचे तर ते हेच.

मर्सेन संख्यांवर एवढी मर्जी असण्याचं कारण त्यांची सोपी चाचणी. ३१चंच बघा, घातांक ५. सुरुवात ४ने करायची. वर्ग करून २ वजा करायचे आणि ३१ने भागून उरलेली बाकी पुढे न्यायची. ४चे होतात १४. १४चे १९४, म्हणजे बाकी ८. ८चे ६२, बाकी शून्य. शेवटी शून्य आलं, ३१ मूळ ठरली. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्या, बस. घातांक नऊ आकडी असला तरी कृती हीच, फक्त पायऱ्या कोट्यवधी आणि प्रत्येक पायरीला कोट्यवधी अंकी संख्येचा वर्ग. मध्ये कुठे एक बिट उलटला तर सगळं मुसळ केरात. म्हणून एकाच्या संगणकाने काढलेली बाकी दुसऱ्याच्या संगणकाशी ताडून बघायची पद्धत पडली. हल्ली पहिल्या तपासणीला याच तोलामोलाची दुसरी एक चाचणी वापरतात. तिच्यात चूक वाटेतच पकडता येते.

२००२ साली कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्याची, तत्त्वतः जलद आणि खात्रीची रीत दिली. जगभर तिचं कौतुक झालं. हौशी शिकाऱ्यांनीही तिला आदराने नमस्कार केला आणि आपली जुनी रीत चालू ठेवली. एवढ्या अवाढव्य संख्यांपुढे नवी रीत प्रत्यक्षात फारच हळू चालते.

१९९६च्या जानेवारीत जॉर्ज वोल्टमन यांनी फ्लोरिडातून 'ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च', थोडक्यात गिम्प्स, सुरू केलं आणि एकेकट्यांचा हा छंद सार्वजनिक झाला. सर्व्हर प्रत्येकाला घातांक वाटून देतो. इथून खरी गंमत. नेमून दिलेल्या घातांकावर माणसाचा जीव जडतो. एखाद्याचा जुना संगणक महिनोन्महिने रखडत असतो आणि दुसऱ्या कोणाचा तरी धीर सुटतो. तो आपल्या दणकट यंत्रावर तोच घातांक परस्पर तपासून मोकळा होतो. याला या मंडळींत 'पोचिंग' म्हणतात, चोरटी शिकार. त्यावरून चांगलीच जुंपते. चोरीला काय गेलं, तर 'ही संख्या मूळ नाही' हे उत्तर! काहींना मूळ संख्येत रसही उरलेला नसतो. ते फक्त विभाजक शोधून उमेदवार बाद करतात आणि केलेल्या कामाच्या क्रमवारीत आपण कितवे आहोत ते बघतात.

आणि मोठा मासा गळाला लागतो तेव्हा? २००९च्या एप्रिलमध्ये नॉर्वेतल्या एका संगणकाने नवी मूळ संख्या कळवली. ती कोणाच्या लक्षात आली जूनमध्ये. कर्टिस कूपर यांचं उदाहरण त्याहून भारी. मिसुरीतल्या विद्यापीठाचे संगणक कामाला लावून त्यांनी अशा चार शोधांत नाव मिळवलं. यांपैकी चौथी संख्या, त्या वेळची जगातली सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या, संगणकाने १७ सप्टेंबर २०१५ रोजीच सर्व्हरला कळवली होती. इशाऱ्याचा ईमेल मात्र गेलाच नाही. २,२३,३८,६१८ अंकांची ही संख्या साडेतीन महिन्यांहून अधिक काळ नोंदींच्या ढिगात पडून राहिली, कोणीतरी डेटाबेसची साफसफाई करेपर्यंत. शोधाची अधिकृत तारीख धरली ती ७ जानेवारी २०१६, कारण माणसाने बघितल्याशिवाय शोध लागला असं इथे मानत नाहीत. माझ्या मते हा फार उदार नियम आहे. सगळं काम यंत्राने केल्यावर बघण्याचा मान तरी माणसाला मिळतो.

टेनेसीतल्या जोनाथन पेस यांनी चौदा वर्षं वाट पाहिली. २०१७च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी संख्या सापडली, ती त्यांच्या चर्चमधल्या संगणकावर. जपानमध्ये लगेच तिचं पुस्तक निघालं: ७१९ पानं, पानोपानी बारीक टायपात नुसते अंक. ते खपलंही. उलट फ्लोरिडाचे पॅट्रिक लारोश हा प्रोग्राम संगणकाची तब्येत तपासायलाच वापरत असत. खऱ्या शोधात उतरून चारेक महिनेच झाले होते, तोवर २०१८च्या डिसेंबरात त्यांना विक्रमी संख्या लागली. चौदा वर्षंवाल्यांना काय वाटलं असेल!

ही तब्येत तपासण्याची बाब मात्र थट्टेची नाही. १९९४ साली जुळ्या मूळ संख्यांचा हिशेब करताना व्हर्जिनियाचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना उत्तरं जुळेनात. दोष निघाला इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये, आणि कंपनीला तो ४७.५ कोटी डॉलरना पडला. वेडाची दुसरी बाजूही आहे. १९९८ साली यूएस वेस्ट या टेलिफोन कंपनीतल्या एका कंत्राटी तज्ज्ञाला तिथले २,५८५ संगणक बघून मोह आवरला नाही. त्याने सगळे मर्सेनच्या सेवेला जुंपले. एरवी काही सेकंदांत मिळणारा फोन नंबर काढायला पाच-पाच मिनिटं लागू लागली आणि प्रकरण एफबीआयकडे गेलं.

ज्यांना आकारापेक्षा नखरा हवा असतो, त्यांचा पंथ वेगळा. त्यांना १ या अंकामागे तेरा शून्यं, मधोमध ६६६, पुन्हा तेरा शून्यं आणि शेवटी १, अशी उलटसुलट सारखीच दिसणारी मूळ संख्या प्रिय. तिला बेल्फेगोर या सैतानाचं नाव दिलेलं आहे. केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलचं मानचिन्ह दिसेल अशी १३५० अंकी मूळ संख्याही तयार झाली; १३५० हे त्या कॉलेजच्या स्थापनेचं साल. फिल कारमोडी यांनी तर २००१ साली कहर केला. डीव्हीडीचं कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रामवर तेव्हा अमेरिकेत खटले चालू होते. संगणकाची फाइल म्हणजे शेवटी एक मोठी संख्याच. कारमोडी यांनी ती फाइल दाबून लहान केली, मागे अंक जोडत गेले आणि १४०१ अंकी मूळ संख्येला येऊन थांबले. बंदी घालायची तर आता थेट संख्येवरच घालावी लागली असती.

सध्याचा विक्रम ऑक्टोबर २०२४चा, २चा १३,६२,७९,८४१वा घात उणे १. अंक ४,१०,२४,३२०, सेकंदाला एक अंक या वेगाने अखंड वाचली तर जवळजवळ चारशे पंच्याहत्तर दिवस. ती शोधली ल्यूक ड्युरंट यांनी, तीही घरच्या संगणकावर नाही. सतरा देशांतल्या डेटा सेंटरमधले ग्राफिक्स प्रोसेसर त्यांनी स्वतःच्या पैशाने भाड्याने घेतले. संख्या लागली डब्लिनमधल्या प्रोसेसरवर, खातरजमा झाली टेक्सासमध्ये. गिम्प्सचं बक्षीस तीन हजार डॉलर. साध्या संगणकांची अठ्ठावीस वर्षांची सद्दी तिथे संपली.

पुढचं मोठं बक्षीस दीड लाख डॉलरचं, दहा कोटी अंकांच्या पहिल्या मूळ संख्येसाठी. गिम्प्समधून ती निघाली तर शोधणाऱ्याच्या हाती त्यातले पन्नास हजार येतील. त्यासाठी ३३ कोटी २१ लाखांपलीकडचे घातांक लागतात, आणि साध्या डेस्कटॉपवर असा एकेक तपासायचा तर दिवसचे दिवस जातात. तरी ते घेणारे आहेतच. थंड मुलखातले काही जण हिवाळ्यात संगणकाच्या उष्णतेवर खोली ऊबदार ठेवतात आणि विजेचं बिल हीटरच्या खात्यात टाकतात. तेवढाच घरातला एक वाद टळतो.