स्टेरॉइड आणि आपली हाडे

'स्टेरॉइड' म्हटले की काहीजण दचकतात, तर काहींना ते रामबाण वाटते. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती चालूफिरू लागली. १९५० मध्ये या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. दमा, आमवात, ल्युपस अशा आजारांत हे औषध आजही मोलाचे आहे. पण ते लांबले, तर त्याची किंमत हाडांना मोजावी लागते.

आपल्या हाडांत मोडतोड आणि बांधकाम सतत चालू असते. स्टेरॉइडमुळे बांधकाम करणाऱ्या पेशी मंदावतात. आतड्यांतून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि लघवीवाटे जास्त जाते. हाडांची झीज पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते. मग एसटीचा एखादा दणकाही मणका दबायला पुरतो.

दुसरा धोका खुब्याला. मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा खुंटतो आणि तेथील हाड मरते. करोनाच्या साथीनंतर २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी असे तरुण रुग्ण पाहिले. जांघेत दुखणे, मांडी घालून बसता न येणे ही सुरुवातीची लक्षणे. कधीकधी दुखते गुडघ्यात आणि बिघाड असतो खुब्यात! या टप्प्यावर साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. एमआरआयमध्ये दोष कळतो. निदान लवकर झाले तर सांधा वाचण्याची शक्यता असते. उशीर झाल्यास सांधेबदल करावा लागतो.

मग गोळ्या बंद करायच्या का? मुळीच नाही! बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्याने शरीरातील ग्रंथी सुस्तावलेली असते. औषध एकाएकी थांबवल्यास जिवावर बेतू शकते. मात्रा डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायची.

प्रेडनिसोलोनची रोज ५ मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल, तर हाडांची घनता मोजण्याविषयी, कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्वाविषयी आणि गरजेप्रमाणे हाडांच्या औषधाविषयी डॉक्टरांना जरूर विचारा. रोज चाला, तंबाखू आणि मद्य टाळा. दम्याच्या पंपात मात्रा अगदी कमी असते, तो भीतीपोटी सोडू नका.

आणि माझी एक कळकळीची विनंती. सांधेदुखीवर नाव-गाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. दोन दिवसांत जादूसारखा उतार पडला, तर त्या पुडीत स्टेरॉइड असू शकते.